विहिरीतला अर्धा पाव

माझ्या नवऱ्याच्या चांगुलपणाने मला आयुष्यभर घाम फोडला. लोक म्हणायचे, "मास्तरीणबाई, नशीब काढलंत, देवमाणूस मिळाला." मी वरवर हसायची आणि मनात म्हणायची, या एकदा, देवमाणसाबरोबर चूल मांडून बघा, म्हणजे कळेल.

आमचं बिऱ्हाड तेव्हा मावळात होतं. कामशेतला उतरायचं, इंद्रायणी ओलांडायची आणि शेतांच्या बांधांवरून चालत राहायचं, की एक लहानसं गाव लागायचं. साल मला धड आठवत नाही. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती, एवढं नक्की. हे लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. मी नगरकडची. आमच्याकडे गल्लीच्या गल्ली ख्रिस्ती, रविवारी घंटा झाली की घराघरांतून एकदम माणसं बाहेर पडायची. आपण ख्रिस्ती आहोत हे तिथे कुणाला दाखवावं लागत नसे आणि कुणापासून लपवावंही लागत नसे. इथे अख्ख्या गावात आमचं एक घर. मला आपलं वाटायचं, मुकाट राहावं, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

पण यांचं उलटं. जे आहे ते उघड असावं, म्हणायचे. रविवारी पांढरा कोट चढवायचा, पवित्र शास्त्र हातात घ्यायचं आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना रामराम करत भर गावातून स्टेशनला जायचं. तिथून गाडीने लोणावळ्याला, उपासनेला. मी म्हणायची, "अहो, निदान पुस्तक पिशवीत तरी घाला."

"का? चोरीचं आहे का?"

झालं. यापुढे काय बोलणार, कपाळ? जेवायला बसले की डोळे मिटून देवाचे उपकार मानणार, मग ते आमच्या घरी असो की पाटलांच्या शेतावर, भात लावताना, आवणीच्या न्याहारीला. पहिल्या वर्षी पाटलांच्या पोराला वाटलं, मास्तरांना झोप लागली. त्याने खांदा धरून हलवलं. तेव्हापासून गावात कुणी ताटावर डुलकी काढली की म्हणायचे, "मास्तर झालास व्हय रं?"

महामारी आली त्या साली डोंगरावरच्या ठाकरवाडीत माणसं ओकून ओकून मरत होती. खालचं कुणी वर चढेना. हे रोज शाळा सुटली की उकळलेल्या पाण्याची घागर खांद्यावर घेऊन निघायचे. मी भांडभांड भांडले. म्हटलं, "पोरंबाळं नाहीत म्हणून मला विधवा करायला मोकळे झालात का?" ते एवढंच म्हणाले, "अगं, त्यांना तरी कोण आहे?" मी रागारागाने आणखी मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

गाव त्यांना मान द्यायचं, पण शिवाशिव पाळायचं. विहिरीच्या कठड्याला मी हात लावायचा नाही. शेजारची मावशी पाणी शेंदायची आणि माझ्या घागरीत वरून ओतायची. राग यायचा का? यायचा, लय यायचा, तिच्याच भाषेत सांगायचं तर. पण ओतताना ती कधी घाई करायची नाही, घागर काठोकाठ भरल्याशिवाय पोहरा बाजूला घ्यायची नाही, आणि सगळा वेळ तोंड चालू. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. नवरा लवकर गेला, भाऊबंदांनी शेत दाबायला बघितलं, पण बाईने कुणाला दाद दिली नाही.

तिला एकच लेक. पोर गुणाची, पण दोन स्थळं येऊन मोडलेली. पहिलं पत्रिकेवरून, दुसरं कुणीतरी कान भरले म्हणून. तिसरं पवनेच्या खोऱ्यातलं जमलं तेव्हा मावशी मला म्हणाली, "बाई, हे मोडलं तर पोरगी घरात बसली बगा. तिसऱ्यांदा मोडल्याली पोर कोन करतंय?" लग्न वैशाखात धरलं. लेक दुपारी माझ्याकडे येऊन लग्नाची चोळी शिवायची, मी तिला काजं करायला शिकवत होते. टाके इतके बारीक घालायची की मला पोटातून माया यायची. माझी लेक असती तर तेवढीच असती.

आता पावाचं सांगते. लोणावळ्यात साहेब लोकांमुळे आणि रेल्वेमुळे पावाच्या भट्ट्या होत्या. हे येताना चार पाव आणायचे. मला चहाबरोबर आवडायचा, माझं तेवढं एकच चैनीचं. त्या सोमवारी उरलेला पाव शिळा झाला म्हणून मी तो चिरून सुपात घालून अंगणात उन्हाला ठेवला, कडक करायला. आत दूध उतू जायला लागलं म्हणून धावले, आणि परत येते तर कावळ्याने अर्धा पाव उचललेला! मी "हाड हाड" करत चांगली विहिरीपर्यंत धावले. मेला रहाटावर जाऊन बसला. दुसरा कावळा त्याच्या अंगावर आला, दोघांची झटापट झाली आणि दोघेही रिकाम्या चोचीने उडाले. पाव कुठे गेला ते मी पाहिलं नाही. खाली पडला असेल, कुत्र्याने नेला असेल, असं समजून मी घरी आले.

पाव विहिरीत पडला होता. वैशाखातली विहीर, पाणी तळाला गेलेलं, त्यावर पांढरा पाव फुगून तरंगत होता. गावातल्या अर्ध्या घरांत तोवर पाणी भरून झालं होतं, पिऊनही झालं होतं. मग एका बाईने वाकून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की मला वाटलं कुणी जीव दिला.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतील. पण तेव्हा लहानथोर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती, की पूर्वी खाली कोकणात फिरंग्यांनी विहिरींत पाव टाकले, लोक नकळत ते पाणी प्याले आणि गावंच्या गावं बाटली. 'बाटणं' हा शब्दही असा बेरकी, की विटाळ झाला तरी बाटला आणि धर्म बदलला तरी बाटला. मध्ये फरकच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोंब, हीर बाटली, गाव बाटलं.

पारावर तर नुसता गोंधळ. सकाळी प्यालेले बाटले की दुपारी प्यालेले? एक म्हातारा म्हणाला, "म्या कालधरनं नुसता च्या पितोय, मी न्हाई बाटलो." त्याला दुसरा म्हणाला, "तुजा च्या काय आभाळातनं पडतो व्हय?" कुणी विचारलं, "मग म्हशींचं कसं? त्याबी किरिस्ताव झाल्या?" एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दिवशी मावशीचं दार बंद होतं. लेक चोळी घेऊन आली नाही. मी नदीच्या पात्रात झरा उकरून पाणी आणलं आणि घरात बसून राहिले.

हे शाळेतून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही, तसेच उलट पावली पाटलांकडे जाऊन सांगून आले, "पाव आमचा आहे." कुणी विचारलं तरी होतं का? मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पावावर काय आपलं नाव होतं?"

"गावात दुसरं कोण पाव खातं?" ते म्हणाले. तेही खरंच.

असल्या बातमीला पाय नाही, पंख असतात. दुसऱ्याच सकाळी मावशीचे होणारे व्याही बैलगाडी जोडून हजर झाले. उंच, हाडापेराने मोठा म्हातारा, मिशा पांढऱ्या, बरोबर दोन भाऊबंद. पाणीसुद्धा घेतलं नाही. पाणी कुठलं घेणार म्हणा! पाटलांच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, "बाटल्याल्या गावची पोरगी आमी करनार न्हाई. आमच्या गावात आमाला तोंड दाखवायचं हाय."

पाटील हुशार माणूस. ते म्हणाले, "पाव पडला ती गोष्ट येगळी आन् पाव टाकला ती गोष्ट येगळी. कावळ्यानं टाकल्यालं खरकटं ते खरकटं, हीर उपसली की झालं. पर बाटवायला म्हनून मुद्दाम टाकला आसंल, तर मग बाटलं. मास्तरनं भैरोबाच्या म्होरं बेलभंडारा उचलून सांगावं, म्या टाकला न्हाई." व्याह्यांनी विचार करून मान हलवली. मास्तर बेलभंडारा उचलतील तर लग्न होईल. नाही उचलला तर गाडी परत, आणि आमचं बिऱ्हाडही गावाबाहेर.

निरोप आला तेव्हा मला हायसंच वाटलं. एवढंच ना? बेलाची चार पानं आणि चिमूटभर हळद. खोटं थोडंच बोलायचं होतं! मी यांच्या कोटाची बटणं लावत म्हटलं, "उचला आणि मोकळे व्हा." यांनी शेवटचं बटण स्वतःच लावलं आणि बाहेर पडले.

भैरोबाच्या देवळापुढे सगळं गाव जमलेलं. बायका एका अंगाला. पाव माझ्या सुपातला म्हणून मलाही बोलावलेलं. मी कावळ्याचं सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बोलवा त्या कावळ्याला साक्षीला," आणि हशा झाला. माझं डोकं असं तापलं! पण समोर मावशीची लेक आईच्या पाठीमागे उभी होती. तोंड सुकून एवढंसं झालेलं, डोळे सुजलेले. मी जीभ आवरली.

पाटलांनी पितळेचं ताट पुढे ठेवलं. त्यात बेल आणि भंडारा. "उचला, मास्तर."

मी यांच्या मागेच उभी होते. हे ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मागून त्यांच्या कोटाचा घोळ धरला आणि चांगला हिसका दिला.

त्यांनी हात मागे घेतला.

"पाटील," ते म्हणाले, "पाव मी टाकलेला नाही, माझ्या घरातल्या कुणी टाकलेला नाही. कुणाला फसवून बाटवणं हे माझ्या देवाला चालत नाही आणि मलाही नाही. पण भंडारा मी उचलणार नाही. तो तुमच्या देवाचा आहे. मी त्याला मानत नाही, आणि मानत नसताना त्याला माझ्या कामाला जुंपलं तर तो त्याचा अपमान होईल आणि माझ्या देवाचाही."

"मंग तुमच्या पुस्तकावर हात ठेवा," पाटील म्हणाले. बिचाऱ्यांनी वाट काढून दिली होती.

"त्यावरही नाही. आमच्या प्रभूने शपथाच घेऊ नका म्हणून सांगितलंय. खरं असेल ते साधेपणाने बोलायचं. मी बोललो."

आई गं! सगळं देऊळ गरजायला लागलं. "चोर हाय म्हनून उचलत न्हाई!" "हाकला त्यास्नी!" व्याह्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि उठले. भाऊबंद गाडीकडे निघाले. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगते: देवा, या माणसाला चांगलं बनवलंस ते बनवलंस, थोडी अक्कल घालायला काय झालं होतं?

तेवढ्यात मावशी बायकांतून पुढे आली. पदर खोचलेला. पंचायतीत बाईने बोलायची रीत नव्हती, पण मावशीला कोण अडवणार?

"गप बसा समदी!" ती ओरडली. "डोकी हायेत का मडकी? ह्यो मानूस खोटा आसता तर भंडारा उचलायला त्याला काय जड व्हतं? त्याचा द्येव हाय का त्यो? लबाड मानसानं कोपरापोतर हळदीत हात घातला आसता, माज्या लेकीचं लगीन व्हऊन गेलं आसतं आन् तुमी समदी पेढं खाऊन घरी गेला आसता. ह्यो घरदार सोडाया तयार हाय, पर आपल्या द्येवाशी बेमान व्हईना. आन् त्यो कावळ्याच्या पावासाटनं खोटं बोलंल? माज्या लेकीचं मोडतंय, मोडू द्या. पर ह्याला चोर म्हनायचं न्हाई माज्या म्होरं!"

ज्या बाईचं सर्वस्व जाणार होतं तीच आमच्या बाजूने उभी राहिली होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पुसायचंही सुचेना.

व्याही गाडीपाशी थांबले होते. ते हळूहळू परत आले आणि यांच्यासमोर उभे राहिले, नाकाला नाक लागेल एवढ्या जवळ.

"मास्तर, त्या ठाकरवाडीत म्हामारीत पानी वाहून न्हेत व्हता, त्यो तूच का?"

"होय."

"माजी भन दिल्याली हाय ह्या गावात. तिच्याकडनं आयकलं व्हतं." मग म्हातारा पाटलांकडे वळला. "पाटील, पानी पिऊन आपली मानसं अशी व्हनार आसतील, तर कावळ्याला सांगा, आजून दोन पाव टाक म्हनावं."

आधी एक जण फसकन हसला, मग दुसरा, मग सगळं देऊळ. मावशी हसत नव्हती, ती मटकन खालीच बसली आणि लेकीने तिला धरलं. व्याही म्हणाले, "लगीन ठरल्या दिशी व्हईल. पर हीर तेवढी उपसून घ्या, खरकटं ते खरकटं." एवढा व्यवहारी माणूस मला फार आवडला.

दुपारभर सगळे पुरुष विहीर उपसत होते. हेही कोट काढून रांगेच्या शेवटी उभे राहिले, गढूळ पाणी बांधापलीकडे ओतायला. हातातून हातात पोहरे जात होते. शिवाशिवीची आठवण त्या दुपारी कुणाला राहिली नाही. पुढे राहिली, पण ते पुढचं. मी उंबऱ्यात बसून चोळीची राहिलेली काजं पुरी केली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला असं वाटत होतं. मध्येच हसू यायचं, मध्येच रडू.

दिवस मावळायच्या सुमाराला हे चिखलाने माखून घरी आले. मी पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकला. हे कपाळ पुसत म्हणाले, "आज तू होतीस म्हणून निभावलं."

"मी? मी काय केलं?"

"अगं, मी उचलणार होतो. त्या पोरीचं तोंड मला बघवेना. मनात म्हटलं, देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिचं लग्न होऊ दे. हात पुढे गेलाच होता. तेवढ्यात तू मागून कोट ओढलास. म्हटलं, अरे, ही बाई एवढी घट्ट उभी आहे आणि मी डगमगतोय? मग कुठला उचलतोय!"

मी कपबशी खाली ठेवली.

"अहो, मी 'उचला, उचला' म्हणून ओढत होते!"

हे हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता भिंतीला टेकले, डोळ्यांतून पाणी आलं, चिखल गालावर ओघळला. मलाही आवरेना. गावाने आमचा विश्वास पाहिला, नावाजला, पुढे कित्येक वर्षं त्याची गोष्ट सांगितली. आणि आत होतं ते हे: एकाचा हात पुढे निघालेला आणि दुसरी त्याला मागून ढकलणारी.

"बरं झालं बाई," ते शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं संसार केला, पण तुझ्या मनातलं मला एकदाही ओळखता आलं नाही."